सांगली-साताऱ्याहून वर्षभरासाठी जर्मनीत: एक्सचेंजला निघालेल्यांसाठी पायरीपायरीने

सांगलीत इंजिनीअरिंग करताना तिसरं वर्ष मी एक्सचेंजवर जर्मनीत, ड्रेस्डेनला काढलं. परत आल्यापासून ज्युनिअर्सचे फोन येतात. पैसे किती लागतात, व्हिसा मिळतो का, थंडी झेपते का, हेच बहुतेक विचारतात. या सगळ्यातून मार्ग निघतो. पण तिथे केलेले विषय इथे धरले जाणार का, आणि तसं कुणी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय का, हे फार थोडे विचारतात. त्याचं उत्तर जायच्या आधी हातात नसेल, तर परत आल्यावर वर्ष वाया गेल्यात जमा होतं. म्हणून खाली सगळ्या पायऱ्या दिल्या असल्या तरी तिसरी पायरी दोनदा वाचा.

मी जर्मनीचं लिहितोय, कारण ते मला माहीत आहे. दुसऱ्या देशात व्हिसाचे नियम वेगळे असतील. कॉलेजातली कामं मात्र हीच.

१. करार आहे का, ते आधी बघा

एक्सचेंज म्हणजे तुमची संस्था आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातला करार. फी तुम्ही इथे भरता, तिथे शिक्षण शुल्क लागत नाही, आणि पदवी इथलीच मिळते. तुम्ही स्वतः उठून अर्ज करू शकत नाही. आधी तुमचं कॉलेज तुमचं नाव पाठवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. मग तिथून तुम्हाला अर्जाची लिंक येते.

कॉलेजच्या वेबसाइटवर परदेशी विद्यापीठांचे लोगो दिसतात, तेवढ्यावर विसंबू नका. इंटरनॅशनल सेलच्या सरांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा: करार आज चालू आहे का, त्याची मुदत कधी संपते, त्यात विद्यार्थी पाठवण्याचं कलम आहे का. बरेच करार फक्त संशोधनापुरते किंवा प्राध्यापकांच्या भेटींपुरते असतात.

तुमचं कॉलेज स्वायत्त आहे की शिवाजी विद्यापीठाशी नुसतं संलग्न, तेही इथेच समजून घ्या. स्वायत्त कॉलेजात विषयांची समकक्षता कॉलेजचं अभ्यास मंडळ आणि विद्वत परिषद ठरवते. संलग्न कॉलेजात ती फाइल कोल्हापूरला जाते आणि वेळ बराच जास्त लागतो. साताऱ्यातल्या मित्रांचंही असंच आहे. तुमची परीक्षा कोण घेतं आणि मार्कशीटवर कुणाचं नाव असतं, त्यावरून दार कुठलं ठोठवायचं ते कळेल.

२. दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. तास साधारण ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये. आपल्याकडे वर्ष जुलै-ऑगस्टला सुरू होतं. म्हणजे तुम्ही निघण्याआधी इथलं सत्र सुरू झालेलं असतं, आणि परत येता तेव्हा पुढच्या वर्षाचे तास चालू असतात.

याचे दोन परिणाम. पहिला हजेरीचा: जुलै ते सप्टेंबर या काळात तुम्ही कागदोपत्री कुठे असणार, हे एचओडींशी बोलून ठरवा. दुसरा प्लेसमेंटचा, आणि तो जास्त टोचतो. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कंपन्या यायला लागतात. तुमचा शेवटचा पेपर ऑगस्टमध्ये असेल तर पहिल्या काही कंपन्या हातच्या जातील. टीपीओंना (कॉलेजात प्लेसमेंटचं काम पाहतात त्यांना) निघण्याआधीच भेटा, ऑनलाइन टेस्ट आणि मुलाखत देता येईल का ते विचारा, तुमचं नाव यादीत राहील याची खात्री करा. घरच्या परिस्थितीमुळे पहिल्याच फेरीत नोकरी लागणं गरजेचं असेल, तर वर्षाऐवजी फक्त हिवाळी सत्रासाठी जा. त्यात कमीपणा काहीच नाही.

तयारी निदान वर्षभर आधी सुरू करा. ऑक्टोबरमध्ये जायचं तर आदल्या दिवाळीच्या सुमारास सरांशी बोलणं झालेलं हवं. नॉमिनेशन साधारण एप्रिल-मेपर्यंत जातं, त्यानंतर प्रवेशपत्र, मग व्हिसा. चालू केटी असेल तर बहुतेक कॉलेजं नाव पाठवतच नाहीत, तेव्हा ती आधी काढा.

३. लर्निंग अ‍ॅग्रीमेंट

हा एक-दोन पानांचा तक्ता असतो. एका बाजूला तिथे घेणार ते विषय, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बदल्यात इथले कुठले विषय सुटणार ते. खाली तुमची, आपल्या कॉलेजची आणि तिथल्या विद्यापीठाची सही. दिसायला साधा, पण तुमचं अख्खं वर्ष याच कागदावर उभं असतं.

आधी क्रेडिटचं गणित. युरोपात ईसीटीएस पद्धत आहे: वर्षाला ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास, त्यात घरी बसून केलेला अभ्यासही धरलेला. आपल्याकडच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि एकामागे ३० तास. म्हणजे आपलं एक क्रेडिट साधारण दीड ईसीटीएसच्या बरोबरीचं. पण काही ठिकाणी एकास दोन असं धरतात. तुमच्या कॉलेजात प्रमाण काय, हे तोंडी ऐकून समाधान मानू नका. आकडा लिहून घ्या. एकास दोन धरलं तर इथल्या ४० क्रेडिटसाठी तिथे ८० मिळवावे लागतील, आणि ते एका वर्षात झेपण्यासारखं नाही.

मग विषयांची जोडणी. तिथल्या विषयाचं नाव आपल्या विषयाच्या नावाशी तंतोतंत जुळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. तिथल्या प्रत्येक विषयाचं माहितीपत्रक विद्यापीठाच्या मॉड्यूल हँडबुकमध्ये मिळतं: काय शिकवतात, तास किती, परीक्षा कशी. ते उतरवा, इंग्रजीत नसेल तर भाषांतर करून घ्या, आणि आपल्या सिलॅबसच्या पानाशेजारी लावून सरांपुढे ठेवा. मी एचओडींकडे गेलो तेव्हा प्रत्येक विषयासाठी वेगळी प्लास्टिकची फाइल होती, आत दोन्ही सिलॅबस, आणि जुळणारे भाग मार्करने रंगवलेले. सरांनी तिथेच बसून बहुतेक विषयांवर सही केली. सर मंडळी अडवणारी नसतात. पण समोर कागद नसला की ‘बघू नंतर’ हेच उत्तर येतं, आणि त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हेच म्हणालं असतं.

जोडणी करताना पुढचं सांभाळा.

तिथला विषय इंग्रजीतून आहे ना, आणि तुम्ही जाल त्याच सत्रात चालतो ना, ते पाहा. जर्मनीत पुष्कळ विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. बॅचलरच्या पातळीवर इंग्रजीतले विषय कमी असतात, म्हणून मास्टर्सचे काही विषय घेता येतील का तेही विचारा.

दोन-तीन विषय जास्तीचे मंजूर करून ठेवा. तिथे गेल्यावर दोन तासांची वेळ एकच निघणं, जागा भरलेली असणं, विषयच रद्द होणं हे नेहमीचं आहे. विषय बदलला तर बदलाच्या नमुन्यावर पुन्हा तिन्ही सह्या घ्या, आणि त्या सत्र सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच घ्या. ‘परत आल्यावर करू’ असं म्हणून ठेवलेला बदल परत आल्यावर कुणी मान्य करत नाही.

आपल्याकडे सक्तीचा असलेला एखादा विषय तिथे नसतोच. मिनी प्रोजेक्ट, सेमिनार किंवा पर्यावरणाचा विषय यात अडकतो. तो आधी देणार, नंतर देणार की ऑनलाइन करणार, हे त्याच कागदावर लिहा.

एचओडींची सही झाली की काम संपलं असं मानू नका. त्यानंतर डीन आणि परीक्षा नियंत्रक. गुण शेवटी परीक्षा विभागाच्या संगणकात चढवायचे असतात, आणि तिथल्या माणसाने हा कागद आधी पाहिलेलाच नसेल तर तुम्ही परत आल्यावर सगळी रामकहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. विद्वत परिषदेत ठराव झाला असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा. एचओडी बदलतात, डीन बदलतात, ठराव जागेवर राहतो.

गुणांचं रूपांतर कुठल्या सूत्राने होणार, तेही याच वेळी लिहून घ्या. ते का, ते दहाव्या पायरीत सांगतो.

४. पासपोर्ट आणि नावाचा घोळ

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळ हवा तर आणखी २०००. सांगली-सातारा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतात. अर्ज भरताना जवळच्या केंद्रांची यादी दिसते. पोलिस पडताळणीला घरी कुणीतरी असू द्या.

खरी अडचण नावाची. आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर वेगळा क्रम. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, आणि तुमचं व वडिलांचं नाव दोन्ही दुसऱ्यात. जर्मनीत पासपोर्टच्या त्या दुसऱ्या रकान्यात जे छापलंय ते सगळं तुमचं पहिलं नाव समजलं जातं. ते तसंच चालू द्या आणि विद्यापीठाचा अर्ज, बँक, विमा, खोलीचा करार सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच अक्षर न् अक्षर भरा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं आणि दुसऱ्या ठिकाणी लिहिलं, की खुलासे देत बसावं लागतं. स्पेलिंगमध्येच फरक असेल, एका कागदावर ‘पाटील’ दुहेरी ई-ने आणि दुसऱ्यावर आय-ने असं काही, तर तो प्रवेशपत्र यायच्या आधी दुरुस्त करून घ्या.

५. पैसे

घरी हे बोलणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च तुमच्याजवळ आहे हे दाखवावं लागतं. शिष्यवृत्ती नसेल तर सरळ मार्ग म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. अर्ज करायच्या वेळी दूतावासाच्या पानावर आकडा पुन्हा बघा, तो अधूनमधून वाढतो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी बारा लाखांच्या जवळ जातं. आकडा ऐकून आई-वडील गप्प होतात. त्यांना नीट समजावून सांगा: ही फी नाही. पैसे तुमच्याच नावावर राहतात आणि तिथे पोचल्यावर दर महिन्याला ९९२ युरो तुमच्या खात्यात येतात. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळते, फक्त खात्याचं शुल्क आणि विनिमयातला फरक जातो.

आपल्या भागातल्या बहुतेक घरांचा पैसा पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत ठेवीच्या रूपात असतो. पतसंस्थेतून परदेशात पैसे पाठवता येत नाहीत. परकीय चलनाचा परवाना असलेली बँक लागते, आणि मोठ्या बँकेच्याही प्रत्येक शाखेत हे काम होत नाही. तालुक्याच्या शाखेत विचारलं की बहुतेकदा सांगली किंवा कोल्हापूरच्या शाखेकडे बोट दाखवतात. तेव्हा ठेव मोडणं, रक्कम दुसऱ्या बँकेत आणणं, ए-२ फॉर्म (परदेशात पैसे पाठवण्याचा अर्ज) भरणं यासाठी दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. उसाचं बिल किंवा बेदाण्याची पट्टी कधी येणार त्यावर घरचं गणित असेल, तर व्हिसाची तारीख त्यानुसार आखा.

टीसीएस, म्हणजे परदेशात पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही. त्यापुढच्या रकमेवर लागतो. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर लागत नाही. कापला गेलेला टीसीएस आयकर विवरणपत्र भरून परत मिळतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आपल्याकडे अनेकांचे वडील विवरणपत्र भरतच नाहीत. ज्यांच्या पॅनवरून पैसे गेले, त्यांनी त्या वर्षी ते भरायचंच.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर आधी युरोपीय संघाच्या इरॅस्मस योजनेच्या निधीतून तुमच्या करारासाठी जागा आहेत का, ते इंटरनॅशनल सेलला विचारा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही परदेशात पूर्ण पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे. एक्सचेंजसाठी तिच्या मागे वेळ घालवू नका.

तिथला महिन्याचा खर्च असा धरा: आरोग्य विमा १५० युरोच्या आसपास, वसतिगृहातली खोली शहरानुसार २५० ते ४००, उरलेल्यात जेवण, फोन, वह्या-पुस्तकं. शिवाय प्रत्येक सत्राला विद्यापीठाची वर्गणी असते, तिला सेमेस्टर बाइट्राग म्हणतात. शिक्षण शुल्क माफ असलं तरी ही बहुतेक ठिकाणी भरावी लागते. स्वतः रांधून खाल्लं तर ९९२ मध्ये बसतं. काम करायची परवानगी मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस आहे. पण ‘तिथे जाऊन कमावतो’ या भरवशावर घरून कमी पैसे घेऊन निघू नका. पहिले दोन महिने भाषा, पत्ता आणि कागद यांतच जातात.

६. व्हिसा

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं म्हणून राष्ट्रीय व्हिसा लागतो, टुरिस्टचा शेंगेन नव्हे. फी ७५ युरो, ती रुपयांत भरायची. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो, पण बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावंच लागतं. भेटीचं पत्र हातात आल्यावर केंद्राचा पत्ता वाचा आणि मगच तिकीट काढा. मुंबईला जायचं असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सांगली आणि सातारा तिन्ही ठिकाणी थांबते आणि सकाळी पोचवते. भेट दुपारची घेतलीत तर गाडी उशिरा आली तरी जीव टांगणीला लागत नाही.

जवळ ठेवायचे कागद:

- पासपोर्ट, त्याच्या झेरॉक्स, आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे नवे फोटो
- तिथल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र; त्यात एक्सचेंज असा उल्लेख आणि कालावधी हवा
- कॉलेजचं बोनाफाइड आणि नॉमिनेशनचं पत्र
- ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला किंवा शिष्यवृत्तीचं पत्र
- दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट आणि आतापर्यंतच्या सत्रांची ट्रान्सक्रिप्ट
- इंग्रजीचा किंवा जर्मनचा दाखला, विद्यापीठाने मागितला असेल तो
- का जायचं आहे ते सांगणारं पत्र, आणि बायोडेटा
- पोचल्यापासून पहिल्या काही आठवड्यांचा प्रवासी आरोग्य विमा
- सही झालेलं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट

भारतीय विद्यार्थ्यांच्या अर्जाला १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. त्याची फी १८,००० रुपये, आणि ते यायला काही आठवडे जातात. काही गटांना यातून सूट आहे. तुमचा एक्सचेंज कार्यक्रम या सवलतीत बसतो का, हे दूतावासाच्या ताज्या यादीत पाहा आणि तिथल्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसलाही ईमेलने विचारा. आलेलं उत्तर छापून अर्जाला जोडा. एजंटच्या तोंडी सल्ल्यावर राहू नका. एक्सचेंजला एजंटची गरजच नाही; सगळं तुम्ही आणि कॉलेज मिळून करता.

पत्र स्वतः लिहा. नेटवरून उतरवलेली पत्रं ओळखू येतात. कुठले विषय घेणार, ते इथे कशात धरले जाणार, परत येऊन कुठल्या वर्षाला बसणार, एवढं सरळ लिहिलं तरी पुरतं.

७. खोली

प्रवेशपत्र आल्याच्या दिवशी तिथल्या श्टुडिरेंडनवेर्कच्या वसतिगृहाचा अर्ज भरा. ही विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणारी संस्था प्रत्येक विद्यापीठाच्या गावात असते. काही विद्यापीठं एक्सचेंजच्या मुलांसाठी खोल्या राखून ठेवतात, पण मुदत चुकली की त्या जातात.

खासगी खोली शोधत असाल तर करार न पाहता, व्हिडिओवर खोली न बघता एक पैसाही पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असा ईमेल आला की तो फसवणुकीचा समजा. आणि घरमालक वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग देणार का, ते आधी विचारा. तुम्ही तिथे राहता असा तो घरमालकाच्या सहीचा कागद असतो. त्याच्याशिवाय पत्त्याची नोंद होत नाही, आणि पत्त्याशिवाय पुढचं सगळं अडतं.

८. बॅग

युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःपुरतेही नेता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे नाहीत, घरचं तूप नाही, खव्याचं काही नाही. आईला हे आधीच सांगा. तिने रात्रभर बसून केलेलं विमानतळावर टाकून द्यावं लागणं फार वाईट. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ता यांनाही दाखला लागतो, म्हणून तेही नको. सुकी भडंग, कांदा-लसूण चटणी, मेतकूट, हळद, बेदाणे, पोहे, डाळी घ्या. मसाले छापील पाकिटातले असले तर विचारपूस कमी होते.

कुकर घेताना इंडक्शनवर चालणारा, स्टीलचा घ्या. वसतिगृहात कुठली शेगडी असेल सांगता येत नाही, आणि ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापत नाही. चष्म्याची दुसरी जोडी घ्या, दातांची कामं इथेच उरका. जाड कोट मात्र तिथे जाऊन घ्या. इथे मिळणारे स्वेटर तिथल्या जानेवारीत पुरत नाहीत, आणि तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगले कोट स्वस्तात मिळतात.

९. पहिले पंधरा दिवस

क्रम महत्त्वाचा आहे. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. मग बँक खातं, आणि त्यात ब्लॉक्ड अकाउंटमधले महिन्याचे पैसे सुरू करणं. विद्यापीठात नाव नोंदवायला तिथला सार्वजनिक आरोग्य विमा लागतो. भारतातून घेतलेला प्रवासी विमा त्यासाठी चालत नाही. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सवलतीचा दर मिळतो. स्वस्त पडतो म्हणून खासगी विम्याकडे वळण्याआधी विचार करा. एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेतली की त्या शिक्षणाच्या काळात परत फिरता येत नाही.

व्हिसा बऱ्याचदा काही महिन्यांचाच असतो आणि पुढचा राहण्याचा परवाना तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून घ्यावा लागतो. त्यांच्या भेटीची वेळ मिळायला महिने जातात. म्हणून पत्ता नोंदवला की त्याच आठवड्यात अर्ज टाका आणि पोच जपून ठेवा.

थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरामागे महिन्याला १८.३६ युरोचं. टीव्ही नाही म्हणून ते बाजूला टाकू नका, दंड चढत जातो. एकत्र राहत असाल तर एकाने भरून वाटून घ्या. आणि रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी आणा.

१०. वर्गात

वेळापत्रकात वेळेपुढे सी.टी. असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, एस.टी. असेल तर ठोक्याला.

सगळ्यात मोठा सापळा परीक्षेचा. विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते, तिची मुदत सत्राच्या मधेच कधीतरी असते, आणि ती गेली की कुणी आत घेत नाही. आपल्याकडे लेट फी भरून फॉर्म घेतात, तसा मार्ग तिथे धरू नका. प्रत्येक विषयाच्या पहिल्या तासाला प्राध्यापकांना विचारा: नोंदणी कुठे, कधीपर्यंत, आणि एक्सचेंजच्या मुलांसाठी वेगळा कागद आहे का.

अंतर्गत गुण नावाचा प्रकार फारसा नाही. बऱ्याच विषयांत शेवटची एकच परीक्षा, कधी लेखी, कधी तोंडी, आणि सगळं त्यावर. युनिट टेस्टची सवय असलेल्याला पहिल्या सत्रात हे जड जातं. दर आठवड्याला उदाहरणांचे पेपर देतात, ते सोडवत राहा. हजेरी घेत नसले तरी सराव वर्ग बुडवू नका.

आता गुणांचं. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास आणि ५.० म्हणजे नापास. १.७ मिळाले तर ते चांगले गुण आहेत. पण आपल्याकडे दहापैकी गुण पाहायची सवय असलेल्या माणसाच्या टेबलावर तो कागद गेला, की १.७ बघून त्याच्या कपाळावर आठी येते. जर्मनीत परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. तेच उलटं फिरवून आपली श्रेणी काढता येते. तुमचं कॉलेज हे सूत्र वापरणार की स्वतःचा तक्ता, की फक्त ‘उत्तीर्ण’ लिहून श्रेणी सरासरीतून वगळणार, यावर तुमचा सीजीपीए बराच हलतो. म्हणून तिसऱ्या पायरीत म्हटलं, आधी लिहून घ्या.

डिसेंबरमध्ये चार वाजताच अंधार पडतो, आणि कुणाशी मराठीत बोलणं होत नाही असे दिवस येतात. तेव्हा खोलीत बसून राहू नका. विद्यापीठात नव्या मुलांना सोबत म्हणून तिथला एक विद्यार्थी जोडून देतात, त्यासाठी नाव जरूर द्या. घरी फोन करताना हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक धरा, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेतीन तासांचा.

११. तिथे असताना इथली कामं

भारतातलं सिम चालू ठेवा, आंतरराष्ट्रीय रोमिंगसह. बँक, आधार, महाडीबीटी सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. ईबीसी किंवा दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर तिचा नूतनीकरणाचा फॉर्म नेमका तुम्ही बाहेर असताना निघतो. एक्सचेंजच्या वर्षात ती चालू राहील का आणि हजेरीचा दाखला कोण देणार, हे स्कॉलरशिप विभागाला जाण्याआधी विचारा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घरच्यांना काढून ठेवायला सांगा.

वर्गातला एक विश्वासू मित्र आणि घरातलं एक माणूस यांच्या नावाने अधिकारपत्र करून द्या: मार्कशीट घेणं, फॉर्म जमा करणं, फी भरणं. इथल्या परीक्षा फॉर्मच्या आणि फीच्या तारखा तुम्हाला कुणी आपणहून कळवणार नाही. मित्राला सांगून ठेवा, नोटीस लागली की फोटो पाठव.

१२. परत येताना

निघण्याआधी पत्त्याची नोंद रद्द करा, विमा, फोन आणि वर्गणी बंद करा, खोली दाखवून डिपॉझिटची पावती घ्या. बँक खातं मात्र डिपॉझिट जमा होईपर्यंत चालू ठेवा.

ट्रान्सक्रिप्ट ऑफ रेकॉर्ड्स उशिरा येते. शेवटच्या परीक्षेचे निकाल लागायला आठवडे लागतात आणि तोवर तुम्ही सांगलीत पोचलेले असता. कुठल्या पत्त्यावर, किती प्रती, ईमेलने थेट आपल्या परीक्षा विभागाला पाठवता येईल का, हे तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये स्वतः जाऊन ठरवून या. एखाद्या विषयात नापास झालात तर फेरपरीक्षा बहुतेकदा पुढच्या सत्रात असते, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता. अशा विषयासाठी इथे कुठला पेपर द्यायचा, ते एचओडींना लगेच विचारा.

कॉलेजात परतलात की पहिल्या आठवड्यात परीक्षा विभागात अर्ज द्या. सोबत लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, बदलांचे नमुने, ठरावाची प्रत, गुणांच्या सूत्राचं पत्र आणि ट्रान्सक्रिप्ट आली असेल तर ती. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये चढले का, ते तुमच्या एबीसी आयडीने स्वतः पाहा. पुढची मार्कशीट हातात आली की तिथल्या वर्षाच्या जागी काय छापलंय ते शब्दन् शब्द तपासा. ‘अनुपस्थित’ किंवा रिकामी जागा दिसली तर त्याच दिवशी लेखी अर्ज करा, आणि पदवीचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त प्रत मिळवा. पदवी छापून झाल्यावर हीच दुरुस्ती करायला कितीतरी जास्त वेळ लागतो.